माळेआधीची भाकरी

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात एवढं आधी कुणी शिकलेलं नाही. त्यामुळं घरातल्या दुखण्याबद्दल असं बसून लिहिणारीही मीच पहिली. नीट जमेल की नाही माहीत नाही. पण गेल्या नवरात्रातली आईची एक सकाळ कुठंतरी लिहून ठेवावी असं फार दिवस मनात आहे, आणि ती सांगायची तर आधी माझ्या पोटाबद्दल सांगावं लागतं.

आमचं गाव नळदुर्गच्या पुढं, हायवे सोडून आत. वडिलांची शेळ्या-मेंढरं आहेत, थोडी कोरडवाहू जमीन आहे. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. मला पाळी आली तेव्हा मी आठवीत होते, आणि वर्षाच्या आतच कळलं की माझं दुखणं वर्गातल्या बाकीच्या मुलींसारखं नाही. ओटीपोटात कुणी सोलाला, जाड दोराला, पीळ घालत बसावं तसं व्हायचं. तो पीळ कमरेतून मांड्यांत उतरायचा. उलट्या व्हायच्या. मी बाकावर डोकं टेकून बसायचे आणि बाई मला घरी पाठवायच्या. आई म्हणायची, बाईच्या जातीला हे असतंच, सोसावं. ती निर्दय नव्हती. ती स्वतः त्या दिवसांत उन्हात खुरपत बसायची. सोसणं सोडून दुसरं काही करता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

गोळीला मात्र आई घाबरायची, आणि त्याला कारण होतं. माझी मावशी वर्षानुवर्षं ऊसतोडीला जाते. कमरेसाठी म्हणून सुरू झालेली गोळी तिला आता रोज सकाळी चहाबरोबर लागते. पाकीट पदराच्या गाठीत बांधलेलं असतं. गोळी नसली तर मावशी कुणाशी बोलत नाही, भिंतीला टेकून नुसती बसून राहते. पोटात आग पडते, अन्न जात नाही, तरी गोळी सुटत नाही. आई तिच्याकडं बोट दाखवून मला म्हणायची, "गोळीच्या नादी लागशील तर अशी व्हशील."

म्हणून आमच्याकडं एक नियम पडला होता. होईल तेवढं सोसायचं. अगदीच जीव जायची वेळ आली की मग किराणा दुकानातली गोळी घ्यायची. तोपर्यंत पोटात काही टिकलेलं नसायचं, आणि एका गोळीनं भागायचं नाही, म्हणून दोन. मला वाटायचं, मी किती ताब्यात ठेवलंय स्वतःला. उशिरा घेते म्हणजे कमी घेते, असा माझा हिशोब होता.

धाराशिवला कॉलेजात आले, मुलींबरोबर खोली करून राहू लागले, आणि दुखणं वाढलं. पाळी नसतानाही कंबर धरायची. एकदा प्रॅक्टिकल बुडू नये म्हणून मी मेडिकलात जाऊन जरा जोराचं काहीतरी मागितलं. दुकानदारानं डॉक्टरांची चिठ्ठी न विचारता एक कॅप्सूल दिली. दुखणं गेलं. पण दुखण्याबरोबर बाकीचंही सगळं गेलं. मी वर्गात बसले होते आणि मॅडमचा आवाज कुठल्या तरी लांबच्या शेतातून यावा तसा येत होता. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. पुढच्या महिन्यात पाळी जवळ आली तेव्हा दुखायला लागायच्या आधीच मला त्या कॅप्सूलची आठवण झाली. तेव्हा मी घाबरले. माझ्या डोळ्यांसमोर मावशीचा पदर आला.

सुट्टीत घरी आल्यावर आईनं माझी बॅग धुवायला काढली आणि तिला ते पाकीट सापडलं. ती ओरडली नाही. तिनं ते वडिलांपुढं ठेवलं. वडील जेवत होते, त्यांनी हात धुतला आणि शांतपणे म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. सुटलं तर ठीक. न्हायतर घरी ये. शिकून जीव जाणार आसंल तर नगं ते शिक्षण." त्यांना माझं शिक्षण नको होतं असं नाही. कॉलेजात नाव लागलं तेव्हा त्यांनी मेंढरं राखताना भेटेल त्याला थांबवून सांगितलं होतं. ते घाबरले होते, एवढंच.

दिवाळीपर्यंत. एवढी मुदत घेऊन मी धाराशिवला परत आले आणि पहिल्यांदा स्वतःहून सरकारी दवाखान्यात गेले.

बायकांच्या ओपीडीत माझ्यासारखी एकटी, बिनलग्नाची कुणी दिसली नाही. बाकावर शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली आणि विचारलं, "पहिलीच खेप व्हय?" मी म्हणाले, हो, याआधी कधी आले नव्हते. तिनं माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाली, "दिसत न्हाय अजून काय." मग तिला खरं सांगितलं तर ती इतकी ओशाळली की तिनं तिच्या डब्यातली चिक्की मला दिली. ती खातच मी डॉक्टरबाईंसमोर गेले.

दुखण्याचं सांगायच्या आधी मी रिकामं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, मला याची सवय लागलीय का?" हा प्रश्न मी रस्ताभर मनात घोकला होता.  मॅडमनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. किती घेतल्या, केव्हा घेतल्या, दुखत नसताना घेतली का, घेतली नाही तर काय होतं, असं एकेक विचारलं. मग म्हणाल्या की या कॅप्सूलची सवय लागू शकते, ती माझ्या मनानं घ्यायची नाही. पण मी घेतल्या त्या थोड्याच होत्या, सवय लागलेली नाही. मी विचारायला आले हे बरं केलं. हे शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या असतील. मी ते घरापर्यंत नेलं.

साध्या गोळीबद्दल त्यांनी जे सांगितलं त्यानं मात्र माझा सगळा हिशोब उलटा झाला. दुखायला लागलं की लगेच घ्यायची. जेवून घ्यायची. सांगितलेल्या वेळेला एकेक, दोन-तीन दिवस, आणि मग बंद. "सोसून सोसून शेवटी उपाशीपोटी दोन घेतेस ना, त्यानंच जास्त लागतात," त्या म्हणाल्या. "आणि पोट बिघडतं ते वेगळं." आमच्या घरात ज्याला आम्ही शहाणपण म्हणत होतो, ते असं निघालं.

मग सोनोग्राफी झाली. अंडाशयावर गाठ दिसली आणि दुखण्याचं नाव कळलं, एंडोमेट्रिओसिस. मी ते तळहातावर लिहून घेतलं आणि रिक्षात हळूच म्हणून पाहिलं. मोठं आणि अवघड नाव होतं. पण इतकी वर्षं जे माझं नाजूकपण समजलं जात होतं ते आजार म्हणून कुणाच्या तरी पुस्तकात होतं. मला रडू येईल असं वाटलं होतं. उलट भूक लागली.

मॅडमनी आणखी एक गोळी दिली, रोज घ्यायची. तिनं पाळीच थांबते आणि आजार दबून राहतो. ती चुकवायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पुढच्या वेळी मी आईला सोबत नेलं. आईनं पदर सावरत विचारलं की लग्न झाल्यावर हे जाईल का. मॅडम म्हणाल्या, लग्न हे काही औषध नाही. एसटीत बसल्यावर आईनं अट घातली. रोजच्या गोळ्यांची पाकिटं तिच्याकडं राहतील. मी आठवड्याला घरी यायचं आणि लागतील तेवढ्या न्यायच्या. म्हणजे जास्तीची एकही पोटात जाणार नाही. मी हो म्हणाले. तिचा विश्वास बसायला तेवढं करायला माझी हरकत नव्हती.

पण पाकिटं घरात आली आणि आमच्या आळीतल्या बायकांनी ती ओळखली. आमच्याकडं नवरात्राच्या आधी बायका मेडिकलातून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणतात. घट बसलेल्या घरात विटाळ नको म्हणून. माझं पाकीट वेगळं होतं, पण आई सांगून गेली की यानं पाळी थांबते, आणि झालं. "ही तर घटाची गोळी," असं ठरलं. मी ती रोज घेते हे ऐकून समोरच्या म्हाताऱ्या काकूंनी मला अंगणातच गाठलं. "बारा महिने घट बसवलास व्हय गं पोरी? कंच्या देवीचा?" सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी घरी आले. आठवडाभराच्या गोळ्या आईकडं मागितल्या तर ती डब्यातले डाळतांदूळ चाळवत बसली. मग म्हणाली, "न्हाईत. दिल्या."

चुलतीनं मागितल्या होत्या, आणि शेजारच्या वहिनीनं. दोघींना एकेक पाकीट देऊन टाकलं होतं. "घटासाठी मागत्यात, न्हाय कसं म्हनू? तू आन दुसऱ्या." तिच्या चेहऱ्यावर अपराधीपण नव्हतं. उलट ती जरा खुशीत होती. इतके दिवस माझ्या गोळ्या ही घरात लपवायची गोष्ट होती. आता कुणीतरी दारात येऊन त्या मागत होतं, आणि आई देणारी झाली होती. मला रागावता आलं नाही.

नळदुर्गच्या मेडिकलात ती गोळी नव्हती. मागवून देतो म्हणाले. मी वाट बघत राहिले आणि माझ्या गोळ्या चुकल्या.

पाचव्या माळेच्या सकाळी मी जागी झाले तेव्हा ओटीपोटात तो पीळ पुन्हा बसला होता. पाळी आली होती. दोन दिवसांनी माझी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मी अंथरूण उचलून बाहेर पडवीत आले. घटाजवळ किंवा चुलीजवळ आता मला जायचं नव्हतं.

आमची आणि चुलत्यांची घरं एका अंगणात आहेत आणि घट एकच, चुलत्यांच्या खोलीत. आईला आणि चुलतीला नऊ दिवसांचा उपास असतो. आणि कुणालाही उपास असो वा नसो, सकाळी घटावर माळ चढल्याशिवाय दोन्ही घरांत चूल पेटत नाही. चुलते फुलं आणायला रानात गेले होते. ते कधी येतील ते सांगता येत नव्हतं.

दुखणं अजून वर चढलेलं नव्हतं. हीच ती वेळ होती, मॅडमनी सांगितलेली. दुखण्याची साधी गोळी माझ्या पर्समध्ये होती. पण खायला काही नव्हतं, आणि मागायचं कसं ते कळत नव्हतं. नेहमीची वाट मला तोंडपाठ होती. सोसायचं. मग उलट्या. मग उपाशीपोटी दोन, कदाचित तीन. मग परीक्षा नाही. मग दिवाळी येईल आणि वडील काहीच बोलणार नाहीत, कारण बोलायला काही उरलेलं नसेल.

आई अंगणात सडा टाकत होती. मी तिला हाक मारली. म्हणाले, दुखायला लागलंय, जास्त नाही, पण गोळी आत्ताच घ्यावी लागेल आणि काहीतरी खाऊन घ्यावी लागेल. हे एवढं बोलायला मला त्या दवाखान्यातल्या प्रश्नापेक्षा जास्त धीर लागला.

आई बादली हातात धरून उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग घटाच्या खोलीकडं. मला वाटलं ती म्हणेल, थोडी कळ काढ. तिनं बादली खाली ठेवली, पाय धुतले, आत गेली. मला काटक्या मोडल्याचा आवाज आला. मग धूर. मग भाकरी थापल्याचा आवाज.

भाकरी थापल्याचा आवाज लपवता येत नाही. चुलती तिच्या दारातून तशीच आली, केस मोकळे, हातात समईची वात. "आक्का, माळ व्हायची हाय अजून. काय करायलाव तुम्ही?"

आईचा हात थांबला नाही. "माळ घटकाभर मागं-पुढं हुईल. गोळीला उपाशीपोटी चालत न्हाय."

"आन देवीला चालतं व्हय?"

"देवीला म्या इचारीन. तू वात लाव."

चुलती वात लावायला गेली नाही. आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग तिच्याकडं न बघता म्हणाली, "तुला दिलेलं पाकीट हिचं औशद हुतं. आपल्यासारखं सनापुरतं न्हाय घेत ती. तिला आजार हाय. मला देताना कळलं न्हाय."

आजार. आईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तोपर्यंत ती माझ्याबद्दल 'हिला लई त्रास होतो' म्हणायची, ते एखाद्या वाईट सवयीबद्दल बोलावं तसं.

चुलती निघून गेली. मला वाटलं रागावली. थोड्या वेळानं ती परत आली आणि अर्धं कापलेलं पाकीट तिनं पडवीच्या कट्ट्यावर माझ्यापासून हातभर लांब ठेवलं, कारण मला शिवायचं नव्हतं. "उरल्यात त्या ठेव," ती म्हणाली. आणि आत आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "आता मला पाळी आली मंजी देवीला ते बी तुम्हीच इचारा, आक्का." आतून आईच्या हसण्याचा आवाज आला.

ताटलीत गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पेलाभर शेळीचं दूध. मी पडवीत बसून खाल्लं. आईला स्वतःला पाण्याचा घोटही घ्यायचा नव्हता, ती समोर उंबऱ्यावर बसून होती. मी गोळी काढली. आजवर घरात गोळी घ्यायची तर मी पाठ फिरवायचे, किंवा मोरीत जायचे. त्या दिवशी मी आईसमोर घेतली. तिनं विचारलं, "परत कवा?" मी वेळ सांगितली. तिनं मोबाइलमध्ये बघितलं आणि मान हलवली. तिला घड्याळ नीट कळतं, पण ते माझ्या गोळीसाठी बघताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. ते दिवसभर होतं. पण ते वर चढलं नाही, उलटी झाली नाही, आणि मला दोन गोळ्यांची गरज लागली नाही. मी पडवीत उताणी पडून प्रॅक्टिकलचं वाचत राहिले. फुलं आली, माळ चढली, आरती झाली. ती मी बाहेरून ऐकली. दुपारी वेळ झाली तेव्हा आईनं मी न सांगता ताटली आणून ठेवली. ठरलेल्या दिवसांनंतर ती दुखण्याची गोळी मी बंद केली आणि मला तिची ओढ वाटली नाही. हे मी मुद्दाम स्वतःला तपासून पाहिलं. भीती अजूनही आहे, खोटं कशाला सांगू. मॅडम म्हणतात की पुढं कधी ऑपरेशनही लागेल कदाचित. पण भीती वाटली की आता मी विचारते. आणि मला जे येतं त्याचा मला अभिमान आहे, मग ते वेळेवर गोळी घेणं असो, वेळेवर थांबवणं असो, किंवा एखाद्या जोराच्या कॅप्सूलला नाही म्हणणं असो. कॉलेजात याचे मार्क नाहीत, पण मी ते अभ्यास करूनच शिकले आहे.

संध्याकाळी वडील मेंढरं कोंडून आले. सकाळी ते निघाले तेव्हाच चूल धुमसत होती, त्यांनी पाहिलं असणार. ते पडवीच्या खांबाला टेकून बसले, माझ्या पुस्तकातली आकृती थोडा वेळ बघितली आणि म्हणाले, "उद्या येष्टी कितीला हाय?"

मी म्हणाले, सकाळची आहे.

"आईला संगं घेऊन जा फाट्यापर्यंत. पिशवी उचलू नगंस."

दिवाळीचं त्या दिवशी ते बोलले नाहीत, आणि दिवाळीतही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही उभ्या होतो. आईच्या डोक्यावर माझी पिशवी. अणदूरकडं निघालेली तिच्या ओळखीची एक बाई भेटली. भर नवरात्रात, घट उठायच्या आधी पोरगी कुठं निघाली, असं तिनं विचारलं. मी काहीतरी सांगणार, परीक्षा वगैरे, तेवढ्यात आई बोलली.

"आजारी हाय ती. औशद चालू हाय. कालेज बी चालू हाय."

त्या बाईनं विचारलं, कसला आजार. एसटी आली. आईनं पिशवी माझ्याआधी आत सरकवली. खिडकीतून मी बघितलं तर बाई थांबलेली होती आणि आई तिला सांगत होती, एक हात ओटीपोटावर ठेवून, मग तोच हात पोटावर वर आणून, जेवल्याची खूण करून. त्या बाईनं काहीतरी विचारलं. आई पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.